केनियाच्या आधी खानापूर

केनिया-टांझानियाला जाणारी मंडळी तीन गोष्टींसाठी जातात. जनावरं बघायची, तिथली माणसं बघायची आणि बाजारात हिंडायचं. तुमच्याही मनात तो बेत असेल तर जरूर जा. पण त्याआधी एक प्रवास इथल्या इथं करून या. पासपोर्ट नको, पीतज्वराची लस नको. निपाणीतून निघायचं आणि खानापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, हल्याळच्या शिवेवर पोचायचं. गाडीनं हा अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. तुम्हाला मात्र सव्वाचारशे वर्षांहून अधिक अंतर काटायचंय.

निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या दारात थांबा. आत पाऊल टाकण्याआधीच नाकात झणका बसतो, डोळ्यांतून पाणी येतं. बायका नाकातोंडाला फडकी बांधून चाळण्या हलवतायत, भिंतीशी बोदांची थप्पी लागलीय. या मालावर निपाणी उभी राहिली, पण हे पीक मूळचं इथलं नव्हे. पोर्तुगिजांच्या गलबतांनी ते गोव्यात उतरवलं आणि तिथून ते घाट चढून आदिलशाहीत पसरलं. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुरात आला, तंबाखू पाहून चकित झाला आणि थोडी आग्र्याला घेऊन गेला. बादशहानं हुक्क्याचा पहिला झुरका घेतला तो या विजापुरी तंबाखूचा.

त्याच गलबतांतून माणसंही आणली जात. ती कुठं उतरतात ते पाहायला निपाणी सोडून गोव्याकडं चला, आणि वर्ष १५८५ धरा.

सकाळचे सात वाजलेत. तुम्ही जुन्या गोव्यात, रुआ दिरैता या मोठ्या रस्त्यावर आहात. दोन्ही बाजूंना सराफ, सावकार, कारागीर यांची दुकानं. रस्त्याच्या मधोमध लिलाव सुरू झालाय. तो रोज असतो, फक्त सणवारी बंद. नऊला आटोपतो, कारण पुढं ऊन सोसवत नाही. अरबी घोडे आहेत, गालिचे आहेत, चिनी मातीची भांडी आहेत, धूप आणि सुगंधी डिंक आहे. पुकारा करणाऱ्याच्या गळ्यात नाना तऱ्हेच्या सोनसाखळ्या अडकवलेल्या आहेत; त्याही विकायच्याच. आणि त्याच्या मागं माणसं उभी आहेत. त्यातली काही मोझांबिकहून आणलेली. जहाज बंदराला लागेपर्यंत किती जण मेले हे विचारायला इथं कुणी थांबलेलं नाही. गिऱ्हाईक दंड दाबून बघतं, तोंड उघडायला लावतं, किंमत ठरते, आणि घोड्याची बोली सुरू होते.

गर्दीत एक तरुण डच माणूस दिसेल. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन त्याचं नाव. गोव्याच्या आर्चबिशपकडं तो चिटणीस आहे. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक निघेल आणि हा बाजार त्यात येईल. म्हणून आज त्याची वेळसुद्धा आपल्याला ठाऊक आहे. विकल्या गेलेल्या माणसांची नावं मात्र त्या पुस्तकात नाहीत.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतून आलेले सिद्दी आम्हाला ठाऊक आहेत, शाळेत शिकलोय. खरंय. मलिक अंबर हा इथिओपियातल्या हरारकडचा. अनेकदा विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याचे सिद्दी माहीत नाहीत असा मराठी माणूस नाही. आणि १६६० चा पावसाळा तर आपल्याला तोंडपाठ आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलात तर चिखलात रुतलेल्या राहुट्या दिसतील, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेली तोफ दिसेल. मार्चपासून वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर पाऊस कोसळत असतानाही हललेला नाही. जुलैतल्या त्या रात्री महाराज निसटतात, सिद्दी मसूद पाठलाग करतो, आणि बाजीप्रभू घोडखिंडीत पाय रोवून उभे राहतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आपण ज्यांना ओळखतो ते सगळे सिद्दी तलवार घेऊन इतिहासात आलेले आहेत. रुआ दिरैतावर विकले गेलेले, गोव्यातल्या घरांत पाणी भरणारे, पालख्या वाहणारे हजारो सिद्दी आपल्या पुस्तकांत नाहीत. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आपल्या बेळगाव जिल्ह्यात राहतात.

आता १८५० मध्ये या. गोव्याच्या सत्तरी भागात, केरी गावच्या वर, रात्रीच्या वेळी. तुमच्या पुढं एक माणूस चालतोय. अनवाणी, खांद्यावर एक गाठोडं, हातात कोयता. त्याचं नाव विचारू नका, मालकानं ठेवलेलं नाव तो आज मागं टाकून आलाय. माणसांचा व्यापार पोर्तुगालनं १८३६ मध्ये कागदावर बंद केला, पण घरात आधीच असलेले गुलाम गुलामच राहिले. त्यांच्यासाठीचा कायदा व्हायला १८६९ उजाडेल. घाटाच्या वर मात्र वेगळं राज्य आहे. कंपनी सरकारनं १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलामगिरीला कोर्टात मान्यता देणं बंद केलंय. चोरल्याच्या वर पोचलं की ‘हा माझा माणूस आहे, परत द्या’ असा दावा बेळगावच्या कोर्टात लावता येत नाही.

म्हणून तो चढतोय. तुम्हीही चढा.

हे जंगल त्याच्या आजोबांच्या जंगलासारखं नाही. तिथं मोकळी माळरानं, इथं हाताला हात लागणार नाही अशी दाटी. पायाला जळवा चिकटतात, त्या काढायला थांबायचं नाही. वरच्या फांदीवरून काहीतरी मोठं झेपावतं, ते शेकरू नव्हे. शेकरू रात्री झोपतं. हे उडतं पाखरू, मोठ्या मांजराएवढी उडती खार. खाली ओढ्याच्या अंगाला सांबर एकदाच ‘पोंक’ करतं आणि सगळं रान गप्प होतं. तो माणूस हात मागं करून तुम्हाला थांबवतो. वाघ तुमच्या आधी या वाटेनं गेलाय. ओल्या मातीत पंजा उमटलाय आणि त्यात अजून पाणी भरलेलं नाही. बराच वेळ उभं राहून मग तो पुन्हा चालू लागतो. उजाडताना डोक्यावरून धनेशाची जोडी जाते, पंखांचा आवाज फाट्यावरून गाडी गेल्यासारखा. कड्याच्या टोकाला गव्यांचा कळप धुक्यात उभा आहे. आफ्रिकेत रानम्हशींचे कळप बघायला लोक पैसे मोजतात; गवा त्यांच्याहून उंच भरतो.

कणकुंबी. इथं मलप्रभा उगमते आणि पूर्वेला निघते. थोड्या अंतरावर देगावला म्हादई उगमते आणि पश्चिमेला, तुम्ही आलात त्या गोव्याकडं उतरते. तो माणूस मलप्रभेच्या उगमाशी ओंजळभर पाणी पितो. आपण कुठली रेघ ओलांडली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, जमिनीवर ती आखलेलीही नाही. तरी काल रात्री तो कुणाच्या तरी मालकीचा होता आणि आत्ता नाही. गावात तो थांबत नाही. रानाच्या आतल्या अंगानं दक्षिणेला, सुपा-हल्याळच्या दिशेनं चालत राहतो. असे अनेक जण, अनेक वर्षं, वेगवेगळ्या घाटांनी चढून आले. १८८८ मध्ये गोव्याची आगगाडी दूधसागराच्या अंगानं कॅसल रॉकला पोचली तेव्हा त्यांची वस्ती या रानात रुळून गेलेली होती.

त्याला जाऊ द्या. तुम्ही भीमगडच्या रानात तळेवाडीकडं वळा, आणि वर्ष १९१२ करा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं आदल्या वर्षी देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केलीय. तिची माणसं कंदील आणि जाळी घेऊन बारापेडेच्या गुहेत शिरलीयत.

तुम्हीही वाकून आत शिरा. आधी वास येतो, विष्ठेचा, उग्र, घशात बसणारा. मग आवाज. कंदील वर धरा. छताच्या भेगेत वटवाघळं एकमेकांना खेटून बसलीयत. हातात धरलेलं एक जवळून बघा. अंगावर गडद चॉकलेटी मखमल, मानेमागं फिकट पट्टा. शेपूट पडद्याच्या बाहेर मोकळी लोंबते. आणि कान! एवढ्याशा डोक्याला ते फार मोठे आहेत, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि टोपीच्या झापेसारखे पुढं झुकलेले, थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत. डोळे त्या झापेखाली दडलेत. ते ओरबाडत नाही, चावत नाही, नुसतं थरथरतं.

१९१३ मध्ये लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबई इलाख्यात वनअधिकारी राहिलेल्या रॉटन यांचं नाव तिला दिलं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगात ही जात फक्त या एका गुहेत ठाऊक होती. आता मेघालयात आणि कंबोडियातही सापडलीय. पण तिचे जवळचे भाऊबंद कुठं राहतात माहितीय? पूर्व आफ्रिकेत. त्यातली पहिली जात १८९७ मध्ये आजच्या टांझानियातून वर्णिली गेली, आणि केनियात, नैरोबीच्या पश्चिमेला सुस्वा नावाच्या ज्वालामुखीच्या लाव्हा-गुहांत त्या कुळाची मोठी वस्ती आहे. तेच झुकलेले कान, तेच लांब पंख. मासाई लोक गुरं चारतात त्या डोंगरातलं वटवाघूळ आणि गवळी-धनगर म्हशी चारतात त्या भीमगडातलं वटवाघूळ एका घराण्याचं. यांना मात्र कुणी गलबतात घालून आणलं नाही.

बाहेर या, दक्षिणेला चला, आणि १९५७ च्या पावसाळ्यात थांबा.

आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झालीय. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा मैसूर राज्यात गेला, शेजारचा कारवार जिल्हाही गेला. बेळगावात मोर्चे निघतायत, निपाणीत सभा होतायत, घराघरांत तोच विषय आहे. तुम्ही ज्या झोपडीच्या पडवीत पावसामुळं अडकलाय तिथं तो विषय नाही. तिथली बाई म्हणते, “बसा की, पाऊस उणा होईस्तोवर.” केस बारीक कुरळे, रंग काळाभोर, लुगडं आपल्याच धाटणीचं. घरात ती कोकणीच्या अंगानं जाणारी बोली बोलते, बाजारात मराठी आणि कन्नड. या वाडीतली काही घरं हिंदू आहेत. पलीकडच्या वाड्यांत ख्रिस्ती आणि मुसलमान सिद्दी आहेत. पितरांना, म्हणजे हिरियारूंना, हिंदू सिद्दींच्या घरात मानाची जागा असते.

ती कवंद शिवतेय. आपल्या आज्या वाकळ शिवायच्या तसेच जुने कपडे, पण रीत निराळी. पावसाळ्यात मांडीवर घेऊन बसते. एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि काठाकाठानं ठिगळ लावत चौफेर फिरत आत जाते, मध्यावर पोचेपर्यंत. आधी रेखाटलेलं काही नसतं. हिरवं लुगडं संपलं की हाताला येईल तो लाल सदरा, मग पोराची फाटकी चड्डी. ख्रिस्ती बायका कवंदीत क्रूस शिवतात, मुसलमान बायका चंद्रकोर. टाके बारीक, एकासारखे एक, सगळ्या कापडावरून धावत गेलेले. शेवटी चारी कोपऱ्यांत घड्या घालून केलेले त्रिकोणी फुल्ले बसवायचे. फुल्ल्यांवाचून कवंद नागडी, असं त्या म्हणतात. पुढं २००४ पासून हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या खटपटीनं या कवंदी अमेरिकेत पोचतील, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात भिंतीवर टांगल्या जातील. आत्ता ही एका पोराच्या अंगावर पडणार आहे, कारण ते गारठलंय.

रात्री पाऊस थांबला तर डमाम वाजेल. लाकूड पोखरून दोन्ही तोंडांना कातडं ताणलेला ढोल, हातानं बडवायचा. पुरुष आधी हळू पाय टाकतात, मग लय चढत जाते. त्या ठोक्यात गोव्याचं काही आहे, आपल्या ढोलाचं काही आहे, आणि समुद्रापलीकडचंही काही आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिद्दींचं मूळ बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी लोकांत सापडलं, आणि इथल्या लोकांशी त्यांची सरमिसळ गेल्या सुमारे दोनशे वर्षांतली असल्याचं दिसलं. तो ढोल ऐकणाऱ्याला हे आधीच उमगलेलं असतं.

तीस वर्षं पुढं या. १९८७. हल्याळ-यल्लापूरच्या रानात सरकारी जीपगाड्या आल्यात. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं ‘स्पेशल एरिया गेम्स’ ही योजना काढलीय. मार्गारेट अल्वा क्रीडामंत्री आहेत. ही मुलं आफ्रिकी वंशाची, तेव्हा धावण्यात देशाला पदकं मिळवून देतील, असा हिशेब आहे. पोरांना पळवतात, घड्याळ लावतात, उंची मोजतात आणि निवडलेल्यांना शहरातल्या वसतिगृहांत नेतात. काही मुलं राष्ट्रीय पातळीवर चमकली, काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या लागल्या, पोटभर जेवण आणि शाळा मिळाली. हे चांगलंच झालं, आणि लिलावाशी मी त्याची बरोबरी करणार नाही. पण त्या वस्तीत सरकार पहिल्यांदा एवढ्या उत्साहानं आलं ते त्यांचे पाय बघायला, हे मला सलतं. रस्ता, दवाखाना, जमिनीचा कागद यासाठी तसा उत्साह कुणी दाखवला नव्हता. १९९३ मध्ये योजना बंद झाली आणि मुलं घरी परतली.

आता ज्याच्यासाठी तुम्हाला एवढं चालवत आणलं ते बघा. २००३. हल्याळ तालुका आणि खानापूर तालुका यांची शीव जिथं मिळते तिथं उभे राहा. दोन्हीकडं तेच साग, तेच नंदी, तीच तांबडी माती. दोन्हीकडं सिद्दींची घरं, एकमेकांची सोयरीक. या वर्षी सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मात्र कायद्यात शब्द पडले ‘उत्तर कन्नड जिल्ह्यातील’. त्यामुळं शिवेपलीकडच्या भावाच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, शिवेअलीकडच्या भावाच्या मुलीला नाही. एक सून होऊन अलीकडं आली, तिचा दाखला होता. तिच्या मुलाचा नाही. बेळगाव आणि धारवाड हे दोन जिल्हे त्या ओळीत घालायला संसदेला २०२० उजाडलं. सतरा वर्षं. पहिलीत गेलेलं पोर एवढ्या काळात पदवीधर होतं, किंवा शाळा सोडून लाकूडतोडीला लागतं.

त्याच २०२० मध्ये यल्लापूर तालुक्यातले शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. विधिमंडळात बसलेले ते पहिले सिद्दी.

आपण सीमाभागातली माणसं. नकाशावर कुणीतरी मारलेल्या रेघेनं घरात काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. दर १ नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो, ठराव करतो, कोर्टाच्या तारखा मोजतो. ते करायलाच हवं. पण त्याच तालुक्यात, आपली भाषा बोलणारी माणसं दुसऱ्या एका रेघेखाली सतरा वर्षं अडकून होती आणि आपल्या सभांत, आपल्या वर्तमानपत्रांत त्याची चर्चा जवळजवळ झाली नाही. रेघेचं दुःख ठाऊक असलेल्यांनी तरी शेजाऱ्याच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं.

तुम्ही आता आजच्या दिवशी, खानापुरात परत आलात. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालंय; आत जायचं तर वनखात्याची परवानगी काढा आणि ती नसेल तर कडेकडेनंच बघा. बारापेडेच्या गुहेत शिरू नका. वीण चालू असताना माणसांच्या बॅटऱ्यांनी बिथरलेल्या माद्या पिल्लं टाकतात. गवे, शेकरू, धनेश तुम्हाला रस्त्यावरूनही दिसू शकतील, पहाटे निघालात तर जास्त.

सिद्दींच्या वाडीवर जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर जा, मोबाइल खिशात ठेवून जा. नाव सांगा, नाव विचारा, मराठीत बोला. ‘नाचून दाखवा’ म्हणू नका. शिमग्याला किंवा लग्नाला बोलावलं तर पाहुणे म्हणून जा, आहेर घेऊन जा. मुलांच्या शाळेचं, दाखल्याचं काही अडलं असेल तर तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा. कचेरीची भाषा येणारा माणूस सोबत असला की काम हलतं, हे तुम्हालाही अनुभवानं ठाऊक आहे. आणि कुणा बाईकडं विकायची कवंद असेल तर ती घ्या. एक कवंद पुरी व्हायला घरकाम सांभाळून आठवडेच्या आठवडे जातात. ती सांगेल तेवढे पैसे द्या, भाव करू नका.